डाव्या भुवईची खूण

'निगेटिव्ह आहे' असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा ती भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. निगेटिव्ह विकल्या हे तिला माहीत आहे, पोती तिनेच ओढत दाराशी आणली होती. पण त्या दुपारी मी फोनवर काय बोललो आणि त्यातून पुढे काय झालं, ते तिला माहीत नाही.

त्या दुपारी मी कळंबकडच्या एका रिसॉर्टवर होतो. लग्न मुंबईच्या लोकांचं, फोटोवालेही मुंबईचेच. आमच्या धंद्यात हल्ली दोन पंगती पडल्या आहेत, कँडिड आणि ट्रॅडिशनल. कँडिडवाले नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपतात. ट्रॅडिशनलवाला स्टेजसमोर उभा राहून "जरा जवळ या, काकांना मधे घ्या" म्हणतो. मुंबईच्या टीमला हे दुसरं काम कमीपणाचं वाटतं, म्हणून ते आमच्यासारख्या तालुक्याच्या माणसाला धरतात. तीस वर्षं कॅमेरा हातात असलेला माणूस मी, सकाळपासून काळा टी-शर्ट घालून उभा होतो, कारण त्यांच्या टीमचा तो गणवेश होता. पाठीवर त्यांचं नाव.

"अंकल, आप फ्रेम में आ रहे हो," त्यांची एक मुलगी मला तिसऱ्यांदा म्हणाली. उर्मट नव्हती बिचारी. फक्त मी खरोखरच मधे येत होतो. वर ड्रोन घरघरत होता, खाली नवरा-नवरी भाताच्या बांधावरून हातात हात घालून येत होते, आणि मी कुठेही उभा राहिलो तरी त्या ड्रोनला दिसत होतो. शेवटी जनरेटरच्या मागे जाऊन थांबलो.

तिथे फोन वाजला. माथेरानच्या पायथ्याच्या एका गावातून एक माणूस बोलत होता.

"भाऊ, आमच्या बापाचा फोटो तुमच्याकडं काढल्याला. माथेरानला हातरिक्षा वढायचा त्यो. नवीन घर बांधलंय, तं मोठा करून लावायचा हाय. पन फोटो काचेला चिकाटलाय. खेचून काढू काय? मागं तुमचा शिक्का हाय बघा, निगेटिव्ह सुरक्षित हाय म्हणून. नंबर पन लिवलाय."

याचं उत्तर कोणताही फोटोवाला झोपेत देईल. हात लावू नका, काचेसकट जसाच्या तसा घेऊन या. ओलीने चिकटलेला फोटो ओढला की वरचा पापुद्रा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हणालो, "काढा बिनधास्त. निगेटिव्ह आहे."

असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एवढंच सापडतं की सकाळपासून सगळे मला बाजूला व्हा म्हणत होते, आणि हा एक माणूस मला माझ्या शिक्क्यावरून ओळखत होता.

तो शिक्का मी कल्याणहून बनवून आणला होता. कर्जतच्या बाजारात दुकान घातलं त्याच वर्षी. 'निगेटिव्ह आमच्याकडे सुरक्षित आहे. कॉपीसाठी हा नंबर आणावा.' जांभळी शाई. प्रत्येक फोटोच्या मागे मी तो स्वतः मारायचो आणि खाली पेनाने नंबर घालायचो. तेव्हाच्या स्टुडिओवाल्यांत असला शिक्का कुणाकडे नव्हता आणि मला त्याची थोडी मिजास होती. डार्करूमच्या भिंतीला लाकडी कप्पे, कप्प्यांत पाकिटं, पाकिटांवर नंबर. कुणी दहा वर्षांनी आला तरी मी दोन मिनिटांत निगेटिव्ह काढून दाखवायचो. माणसं चकित व्हायची, ते बघायला मला आवडायचं.

मग बदल सुरू झाले. काळापांढरा गेला, रंगीत आला. रंगीत रोल धुवायला कल्याणला पाठवायचे, म्हणजे माझी डार्करूम बसली. मग डिजिटल आलं, म्हणजे रोल बसले. मग जाड पुठ्ठ्याचे अल्बम आले, त्यांची डिझाइनं शिकलो. तोवर लोक म्हणाले, अल्बम कशाला, पेनड्राइव्ह द्या. मग पेनड्राइव्ह लावायला घरात काही उरलं नाही, आता लिंक पाठवायची. पासपोर्ट फोटो हा आमचा बांधलेला धंदा होता. आधारच्या केंद्रात ते स्वतःच फोटो काढतात, आणि तो फोटो इतका वाईट येतो की गिऱ्हाईक मला येऊन दाखवतं आणि हसतं. काढायला मात्र येत नाही. दर वेळी कुणीतरी सांगायचं, बदला नाहीतर संपाल. मी प्रत्येक वेळी बदललो. माझी तक्रार तीच आहे. न बदललेले संपले हे मी समजू शकतो. मी बदलत बदलत संपत होतो.

डार्करूमच्या जागेत झेरॉक्सचं मशीन ठेवायचं ठरलं. बायको ते सांभाळणार होती. "फोटोवाल्याशी लग्न केलं न् झेरॉक्सवाली झाले," असं ती अजूनही गिऱ्हाइकांदेखत म्हणते. कप्पे काढले, पाकिटं पोत्यांत भरली. पोती महिनाभर पायात आली. त्यांना आंबूस वास यायला लागला होता. एक दिवस खोपोलीकडचा भंगारवाला आला. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हमध्ये चांदी असते, ती हे लोक काढून घेतात. त्याने एक पट्टी उन्हात धरली आणि म्हणाला, "सगले काल्या तोंडाचे हायत की, सेठ." आणि मी हसलो. मी हसलो हे मला चांगलं आठवतं. टेंपो गेल्यावर दुकान केवढं मोठं वाटलं.

निगेटिव्ह गेल्या, पण शिक्के घराघरांत भिंतीकडे तोंड करून राहिले. ते परत मागवता येत नाहीत.

फोन ठेवला तेव्हाच मला तो फोटो आठवला. ते जोडपं मी विसरलो नव्हतो.

तो माथेरानला हातरिक्षा ओढायचा. मे महिन्याचा सीझन संपवून खाली उतरला होता आणि बायकोला घेऊन स्टुडिओत आला होता. वर डोंगरावर दिवसभर लोकांचे फोटो निघताना बघायचा, आपला एकही नाही म्हणाला. मी त्याला खुर्चीवर बसवलं, तिला बाजूला उभं केलं, मागे धबधब्याचा पडदा. हस म्हटलं तर तो हसेना. ती म्हणाली, "जोर लावू नका त्येंना, त्ये असंच असतात." एकच फोटो काढला.

त्याच्या डाव्या भुवईतून एक आडवा व्रण गेलेला होता. घोड्याची लाथ. तेव्हा आम्ही असले डाग काढून टाकायचो. निगेटिव्ह काचेच्या तिरक्या डेस्कवर ठेवायची, खालून उजेड, आणि बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने डाग भरत जायचा. हे कसब मी मन लावून शिकलो होतो. गिऱ्हाईक खूश व्हायचं.

ती खूश झाली नाही. आठ दिवसांनी एकटी फोटो न्यायला आली, नीट बघितला आणि परत टेबलावर ठेवला.

"ह्येंची खूण कुठं गेली?"

"काढून टाकली. चेहरा साफ दिसतो ना आता."

"साफ कशाला पायजे? ती हाय तं त्ये हायत."

मला राग आला होता. तासाभराचं काम होतं माझं. पण तिने फोटो नेला नाही. मग मी निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली, तिच्यावरून फोटो पुन्हा छापला आणि दिला. तिने काउंटरवर उभ्या उभ्या त्या भुवईवरून बोट फिरवून बघितलं, मगच पदरात गुंडाळला. चारेक वर्षांनी तो तापाने गेला, हे मला तिच्याच गावच्या एका लग्नात कळलं. दुसरा फोटो कधी निघालाच नव्हता.

म्हणजे ही बाई फोटोत काय बघते आणि किती बघते, ते मला आधीपासून माहीत होतं. मला त्या फोटोंत काही कळत नव्हतं, असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

फोनच्या दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानात आला. प्लास्टिकच्या पिशवीत फोटो. बाई शाबूत होती, तिशीच्या आतली, ताठ उभी. खुर्ची शाबूत, सदऱ्याची कॉलर शाबूत. कॉलरच्या वर पांढरा फाटका कागद.

"तोंडाचा भाग काचेवरच ऱ्हायला," तो म्हणाला. "म्हातारी लय वरडली. मी तिला म्हटलं, गप गं, भाऊकडं निगेटिव्ह हाय."

इथे मला अजून एक संधी होती, आणि ही सगळ्यात मोठी होती. चेहरा काचेवर होता. काच मागवून घेतली असती, उलट्या बाजूने स्कॅन केली असती, तर निदान अर्धा चेहरा खरा मिळाला असता. पण निगेटिव्ह असलेला माणूस काच कशाला मागेल? मी मागितली नाही.

"म्हातारी म्हणते, तिला कापा न् एकटा बाप ठेवा," तो म्हणाला. "हार घालायच्या फोटोत जित्ता मानूस कशाला."

"वास्तुशांत कधी आहे?"

"पंधरा दिवस हायत. सावकाश द्या."

त्याच्या थोडं आधी आमच्या फोटोवाल्यांची एक बैठक झाली होती. कर्जत-खालापूर मिळून चाळीसेक जण, एका लग्नाच्या हॉलमध्ये, दुपारी. एका कंपनीचा पोरगेला माणूस एआय दाखवायला आला होता. फाटका फोटो मशीनला द्यायचा, मशीन तो पुरा करतं. डोळा नसेल तर डोळा देतं. माझ्या शेजारी खोपोलीचा एक म्हातारा स्टुडिओवाला बसला होता, माझ्याहून जुना. त्याने हात वर करून विचारलं, "नसलेला डोळा त्याचाच कशावरून?"

"सर, रिझल्ट बघा ना, किती नॅचरल आहे."

"नॅचरल आहे रे बाबा. पण कुणाचा आहे?"

सगळे हसले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आपण निदान गिऱ्हाइकाचेच डाग काढत होतो. हे दुसऱ्याचं तोंड बसवतायत." मीही हसलो, आणि घरी येऊन ते अ‍ॅप घेतलं.

पण नुसत्या कॉलरवरून मशीन तरी काय करणार. त्याने दिलेला पहिला माणूस एखाद्या बँकेच्या जाहिरातीतला वाटत होता. मग मला मयताचा भाऊ आठवला, मुलगा बोलताबोलता म्हणाला होता की चुलता खालापूरकडे असतो, कागदाच्या कारखान्यातून रिटायर झालाय. पत्ता घेऊन मी गेलो. भावाचा फोटो रंगीत करायचाय, अंगाचा रंग बघायला हवा, असं सांगितलं. त्याला ते पटलं. उलट मान ठेवल्यासारखं वाटलं. तो नवीन शर्ट घालून आला आणि अंगणात बसला.

"सारखे दिसायचात का हो दोघं?"

"आता भाव म्हटल्यावर. त्यो जरा काळा. न् हाडकुळा. डोंगरावर ओढून ओढून मांस ऱ्हातं व्हय."

मी त्याचे वीस-बावीस फोटो काढले. मग चार दिवस दुपारी झेरॉक्सचं मशीन बंद असेल तेव्हा मागच्या कॉम्प्युटरवर बसून हा माणूस तयार केला. भावाचं वय कमी केलं, गाल आत घेतले, रंग गडद केला. नाक भावाचंच राहिलं. एक सांगतो, काम चांगलं झालं होतं. ते सांगायला लाज वाटते. बरीच वर्षं मला कुठलं काम करताना भूक विसरायला झाली नव्हती, ती तेव्हा झाली.

शेवटी खूण. मशीन व्रण देत नाही, दिला तरी पुढच्या फेरीला पुसून टाकतं. ती मी हातानेच काढली, माउसने, एकेक ठिपका. कुठल्या भुवईला, याचा मी विचारही केला नाही. माझ्या हाताला आठवत होतं. पेन्सिलीने ती भरली होती आणि मग पुसली होती, दोन्ही वेळा हात डेस्कच्या डाव्या अंगाला होता.

वास्तुशांतीला मी फोटो घेऊन स्वतः गेलो. दोन फुटी फ्रेम, काचेऐवजी मॅट लॅमिनेशन, म्हणजे पुन्हा चिकटायला नको. नवीन घर स्लॅबचं, हॉलमध्ये लादी, भिंतीला आधीच खिळा मारून ठेवलेला. पूजा उरकली होती, माणसं जेवायला बसायच्या बेतात. मुलाने कागद काढून फ्रेम टांगली. सगळे गोळा झाले. त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं असं तिथे फार कुणी नव्हतं. बाप गेला तेव्हा मुलगा स्वतः बारा-तेरा वर्षांचा असेल.

चुलता पुढे होऊन म्हणाला, "माझ्यावरच गेलाय की."

लोक हसले. मी पाण्याचा ग्लास मागितला.

मग म्हातारीला पुढे आणलं. हिरवं लुगडं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. ती फोटोसमोर उभी राहिली. मुलाने हार तिच्या हातात दिला, तो तिने घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"ह्ये त्ये नाय," ती म्हणाली.

"आये, आता काय तुजं?"

"ह्ये त्ये नाय रं. खूण ह्या अंगाला नव्हती. त्येंच्या डाव्या भिवईला व्हती. जेवाय बसलं की मी डाव्या अंगाला बसायची, मला दिसायची ती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पेन्सिल निगेटिव्हच्या ज्या बाजूवर चालते, ती बाजू डेस्कवर वर ठेवायची असते, आणि त्या बाजूने माणूस उलटा दिसतो. डावा उजवा होतो. आयुष्यभर मी माणसांच्या चेहऱ्यांवर उलट्या बाजूने काम केलं, आणि त्यांच्या खुणा मला उलट्याच पाठ झाल्या. हा घोटाळा फक्त आमच्या पिढीच्या फोटोवाल्याच्या हातून होऊ शकतो. मुंबईच्या त्या काळ्या टी-शर्टवाल्यांना जमलाही नसता.

तिथे कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सून सासूला म्हणाली, "मामी, तुमाला एका डोळ्यानं दिसत नाय नीट." कुणीतरी मागून म्हणालं, "वरसं किती झाली, म्हातारी इसरली." मुलाने खिशातून मोबाईल काढला, सेल्फी काढून आईच्या डोळ्यासमोर धरला.

"ह्ये बघ. माझा तीळ ह्या गालाला हाय, हितं दिसतो त्या गालाला. फोटोत उलटं दिसतं, आये. ह्यात काय नाय." आणि माझ्याकडे बघून, "हाय ना भाऊ? तुमी सांगा तिला. निगेटिव्हवरनंच काढलाय ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीही बघायला लागली. त्या घरात तेवढ्या एका गोष्टीतला जाणकार मी होतो, तिचा नवरा कसा दिसत होता हे ठरवणारा.

"हो," मी म्हणालो. "निगेटिव्हवरनंच. होतं असं कधीकधी, उलटं दिसतं."

तिने मान हलवली. रागावली नाही. वाद घातला नाही. ज्या बाईने एका व्रणासाठी माझं काम मला परत करायला लावलं होतं, ती हळूच म्हणाली, "मंग मीच इतकी वरसं उलट्या अंगाला बसली आसन." आणि तिने हार घातला.

माणसं हसली. प्रेमानेच हसली.

जेवणं झाली. हात धुवायला मागच्या जुन्या मोरीवर गेलो, ती पाडलेली नव्हती. मोरीच्या झरोक्याला एक काच बसवलेली होती. जुन्या फ्रेमच्या मापाची.

"ती त्याच फोटोची," माझ्या हातावर पाणी घालणारी सून म्हणाली. "मामींनी राखेनं घासून साफ केली. सामान वाया कशाला घालवायचं."

काच लख्ख होती. मी चारही कोपरे बघितले. काही राहिलेलं नव्हतं.

यापुढचा भाग मला जास्त त्रास देतो, कारण यापुढे सगळं चांगलं झालं. मुलाने तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या बापाला भाऊंनी जिवंत केलं.' महिन्याभरात लोक पिशव्या घेऊन यायला लागले. ओलीने गेलेले, वाळवीने खाल्लेले, घामाने पुसलेले, कुणाच्या रेशनकार्डावरचे, कुणाच्या लग्नातल्या मागच्या रांगेतले टाचणीएवढे चेहरे. भिवपुरीच्या क्वार्टर्समधून एक बाई वडिलांचा नुसता चष्मा दिसणारा फोटो घेऊन आली. दुकानावर मी बोर्ड लावला, जुना फोटो नवा करून मिळेल. इतकी वर्षं बदलाच्या मागे पळत होतो, तो बदल अखेर माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि तो हा असा. बैठकीत आता मला पुढे बसवतात. नव्या पोरांना सांगा म्हणतात, तुम्ही कसं जमवलंत.

खोपोलीच्या म्हाताऱ्याने एकदा विचारलं, "काय रे, आता कुणाची तोंडं बसवतोस?" मी चहा सांगितला.

काहीतरी करायला हवं म्हणून मी नवीन शिक्का बनवून घेतला. 'या चेहऱ्याचा काही भाग यंत्राने अंदाजाने पुरा केला आहे.' तोच जांभळा रंग. पहिल्याच गिऱ्हाइकाने फोटो उलटा करून वाचला आणि म्हणाला, "भाऊ, ह्ये नका मारू. उद्या पोरं वाचतील न् विचारतील, आजा कुठला खरा." दुसरा म्हणाला, मारा, पण वर कागद चिकटवून द्या. तिसऱ्यापासून मी विचारायचं सोडून दिलं आणि मारायला लागलो. काही जण कुरकुर करतात, काही दुसऱ्याकडे जातात. बायको म्हणते, चालता धंदा स्वतःच्या हाताने कशाला पाडताय. तिला कारण सांगितलेलं नाही.

त्या एका फोटोच्या मागे मात्र काहीच नाही. ना जुना शिक्का, ना नवा.

गेल्या हिवाळ्यात म्हातारी दुकानात आली. पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला, नातीबरोबर. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं. बायको झेरॉक्स काढत होती, नात मोबाईलमध्ये. म्हातारी माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"दिसतं का मावशी आता नीट?"

"लख्ख दिसतं. डाक्तरचा हात चांगला." मग म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुमी चांगला केलात फोटो. मला पयल्यांदा नाय पटला, खोटं कशाला बोलू. पन रोज बघून बघून आता पटलाय. आता डोळं मिटलं की ह्येच तोंड येतं. पयलं येत नाय. पयलं कसं व्हतं, त्ये आठवाय गेलं की ह्येच मधी येतं. असं व्हतं का वो लोकांना?"

मी पुढ्यातला पेन उचलला, खाली ठेवला.

"होतं," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला एकटीलाच."

नात म्हणाली, "चल गं आजे, टमटम जाईल." ती उठली. दारात थांबून तिने डाव्या भुवईवरून बोट फिरवलं, स्वतःच्याच, का कुणास ठाऊक, आणि गेली.

त्यानंतर मी दोनदा त्या गावाला गेलो. एकदा एसटीच्या थांब्यापर्यंत, एकदा अंगणापर्यंत. अंगणातून हॉलमधला फोटो दिसतो. मुलगा म्हणाला, "या की भाऊ, चहा घ्या." मी म्हणालो, या बाजूला एक काम होतं.

तिचा नवरा मी तिला परत देऊ शकत नाही. निगेटिव्ह नाही, काच घासलेली आहे, आणि तिच्या डोळ्यांत होतं तेही माझ्या फोटोने झाकलं. ते फेडण्यातलं नाही. पण त्या दिवशी ती बरोबर होती. सगळ्यांदेखत ती बरोबर होती आणि सगळ्यांदेखत मी तिला चुकीचं ठरवलं. तेव्हा त्याच हॉलमध्ये, तिचा मुलगा, सून, दीर हजर असताना, तो फोटो खिळ्यावरून उतरवून मला एवढंच म्हणायचं आहे: मावशी, खूण डाव्या भुवईलाच होती, निगेटिव्ह माझ्याकडे नव्हती, मी खोटं बोललो. हे देणं माझ्याकडे आहे, आणि आज हे लिहीपर्यंत मी ते दिलेलं नाही.